पयू का वजन उचलू? गावात वजन कमी करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या एका जुन्या खोलीत व्यायामशाळा चालते. व्यायामशाळा म्हणजे दोन लोखंडी बार, थोड्या प्लेटा, एक सतरंजी आणि सिमेंट ओतून जड केलेले तेलाचे डबे. तिथं येणारे, आणि आत न येता पानठेल्यावर गाठून विचारणारे, तेच ते प्रश्न विचारतात. दर वेळी नव्यानं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलं.

एका वाक्यात सांगा, कार्डिओ करू की स्ट्रेंथ?

तुमच्या दिवसात जे नाही, ते करा. दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या किराणावाल्यानं आधी चालायला लागावं. रोज वावरात पाच-सहा किलोमीटर पाय तुडवणाऱ्यानं आणखी चालून काही हाती लागत नाही, त्यानं वजन उचलावं. आणि दोघांनीही आधी ताटाकडे पाहावं, कारण वजनाचा काटा सगळ्यात जास्त तिथूनच हलतो.

हे दोन शब्द म्हणजे नेमकं काय?

ज्यानं बराच वेळ दम लागलेला राहतो तो कार्डिओ: भराभर चालणं, पळणं, सायकल, दोरीवरच्या उड्या, लेझीमसुद्धा. ज्यात दहा-बारा वेळा केल्यावर स्नायू थकून नाही म्हणतो ती स्ट्रेंथ: जोर, बैठका, बार, मुद्गल. नावं नवी आहेत, वस्तू जुनी आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून हे सगळं शिकवतंय, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथली पोरं जाऊन आपले देशी खेळ दाखवून आली होती.

मी वावरात दिवसभर राबतो, मंग माह्यं पोट काऊन सुटलं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर ऐकून माणसं थोडी रागावतात.

पहिली गोष्ट, वावरातलं काम आज्याच्या वेळचं राहिलेलं नाही. वखरणी ट्रॅक्टरनं, पेरणी ट्रॅक्टरनं, निंदणाऐवजी तणनाशक, सोयाबीन काढायला हार्वेस्टर आणि धुऱ्यापर्यंत मोटारसायकल. आजा बैलांमागं डवरा धरून दिवस दिवस चालायचा. नातू मजुरांवर लक्ष ठेवत धुऱ्यावर उभा असतो. ताट मात्र दोघांचं सारखंच, उलट नातवाच्या ताटात तेल जास्त. आज्याला तळण सणावारी मिळायचं, नातवाला फाट्यावर रोज सकाळी आलूबोंडा मिळतो.

दुसरी गोष्ट जे खरंच राबतात त्यांच्यासाठी. टांझानियात हाद्झा नावाचे लोक शिकार करून आणि कंद खणून जगतात, रोज कित्येक किलोमीटर चालतात. हर्मन पाँट्झर या अमेरिकी संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यांचा दिवसभराचा कॅलरी-खर्च मोजला, २०१२ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीराचा आकार हिशेबात घेतल्यावर तो खर्च शहरात बसून काम करणाऱ्या अमेरिकी माणसाइतकाच निघाला. शरीर काटकसरी आहे. एका खात्यात जास्त गेलं की दुसरीकडे कुठंतरी हात आखडता घेतं. म्हणून ‘आज लय राबलो’ म्हणत रात्री दोन भाकरी वाढवल्या तर गणित चुकतं.

तिसरी गोष्ट, मजुरी म्हणजे स्ट्रेंथ नव्हे. कापूस वेचणारी बाई दिवसभर वाकून तीच हालचाल हजारो वेळा करते. कंबर मोडते, पण मांड्या, पाठ, खांदे मजबूत होतील असा भार त्यांना मिळत नाही. दरवर्षी तोच भार, तेच वाकणं. स्नायू वाढायला हळूहळू वाढणारं ओझं लागतं, त्यानंतर आराम लागतो आणि पोटात डाळ, अंडं असं काही जावं लागतं. मजुराच्या नशिबात यातलं फक्त ओझं येतं.

कॅलरी जास्त कशात जळतात?

तेवढ्याच वेळात, पळण्यासारख्या कार्डिओमध्ये. ७० किलोचा माणूस तासभर भराभर चालला तर अंदाजे २४५ कॅलरी जळतात. अर्धा तास सावकाश पळाला तर २९० च्या आसपास. अर्धा तास वजनं उचलली, मधला आराम धरून, तर साधारण सव्वाशे ते पावणेदोनशे.

आता चहा मोजा. दोन चमचे साखर म्हणजे ४० कॅलरी. आपल्याकडे चहाला नाही म्हणणं म्हणजे घरच्या माणसाचा अपमान, त्यामुळे दिवसाला सहा कप सहज होतात. नुसती साखरच २४० कॅलरी झाली, दूध वेगळं. म्हणजे तासभराची चाल चहाच्या कपात बुडाली. व्यायाम न वाढवता वजन कमी करायचा सगळ्यात स्वस्त उपाय विचाराल तर मी साखर अर्धा चमचा करा म्हणेन. पहिले आठ दिवस चहा चहा लागत नाही, मग जुनाच कप गोडमिट्ट लागतो.

मग नुसतं पळून जमत नाही का?

जमतं, पण थोडं. मी स्वतः एका हिवाळ्यात तीन महिने डांबरी रोडवर पळलो. जेवण होतं तसंच ठेवलं, उलट भूक वाढली म्हणून थोडं जास्तच खाल्लं. वजन दीड किलो उतरलं आणि नडगीचं दुखणं मात्र पुढं दोन महिने पुरलं.

अमेरिकेत ड्यूक विद्यापीठानं हेच नीट मोजलं. जाडसर, बसून काम करणाऱ्या ११९ माणसांच्या आठ महिन्यांच्या व्यायामाचा निकाल २०१२ मध्ये छापून आला. नुसता कार्डिओ करणाऱ्यांचं वजन सरासरी पावणेदोन किलो घटलं. नुसती वजनं उचलणाऱ्यांचं पाऊण किलोच्या आसपास वाढलं, कारण स्नायू वाढले. दोन्ही करणाऱ्यांचं वजन कार्डिओवाल्यांच्या बरोबरीनं उतरलं आणि स्नायूही भरले, पण त्यांना वेळ दुप्पट द्यावा लागला. यात जेवण बदललेलं नव्हतं, हे विसरू नका. आठ महिने घाम गाळून पावणेदोन किलो!

खरी गंमत जेवण कमी केल्यावर सुरू होते. उपाशी राहून वजन उतरवलं की साधारण पाव हिस्सा चरबीऐवजी स्नायूंसारख्या कामाच्या मालातून जातो. उपासाच्या महिन्यात गाल बसतात, हातापायात जीव राहत नाही आणि पोट मात्र आहे तिथंच, हे आपण पाहतोच. सोबत वजनं उचलली तर शरीर स्नायू धरून ठेवतं आणि चरबी सोडतं. स्ट्रेंथचं वजन कमी करण्यातलं काम हे आहे: जे राहायला हवं ते राखणं.

मोबाईलवर एक जण सांगतो की एक किलो स्नायू वाढवला की बसल्याजागी दिवसाला शंभर कॅलरी जास्त जळतात. तसं नाही. स्वस्थ बसलेल्या शरीरात किलोभर स्नायू दिवसाला साधारण १३ कॅलरी खातो. म्हणजे साखरेचा एक चमचाही नाही.

बाईमाणसानं वजनं उचलली तर अंग मर्दासारखं होते म्हणतात, खरं हाय का?

नाही वहिनी. पुरुषाचे दंड फुगतात ते ज्या हार्मोनमुळे, ते बाईच्या शरीरात त्याच्या मानानं फारच थोडं असतं. मणिपूरच्या मीराबाई चानूनं टोकियो ऑलिंपिकमध्ये दोन उचली मिळून २०२ किलो उचलून रौप्यपदक आणलं, आणि ती खेळली ४९ किलोच्या गटात. लहानपणी ती जंगलातून सरपणाचे भारे आणायची. तुम्ही तर डोक्यावर पाण्याचा गुंड, कमरेवर दुसरा आणि हातात पोरगं घेऊन हापशीवरून येता, तेव्हा कोणी मर्दासारखी म्हणत नाही.

बाईला वजन उचलणं जास्तच गरजेचं आहे. पाळी गेल्यानंतर हाडं झपाट्यानं ठिसूळ होतात आणि हाडाला भार मिळाला की ते टिकतं. आमच्याकडे दुपारी तीन ते चार फक्त बायकांची वेळ आहे. त्या तासात पुरुष पोट्टे ओट्यावरही बसत नाहीत, हा नियम बायकांनीच घातला.

गावात जिम नाही. घरी काय करू?

सामान घरातच आहे. पाच लिटरचा डबा पाण्यानं भरला की पाच किलो. कापडी पिशवीत दोन विटा. पिठाच्या डब्यापासून सोयाबीनच्या कट्ट्यापर्यंत, म्हणजे पोत्यापर्यंत, सगळं वजनच आहे.

सुरुवात बाजेवर बसण्या-उठण्यानं करा. हात छातीशी, बाजेवर हलकं टेकायचं आणि उठायचं. बारा वेळा सहज जमलं की छातीशी पाण्याचा डबा धरा. मग जोर. जमिनीवर जमत नसतील तर भिंतीला हात लावून, पुढं ओट्याला, मग जमिनीवर. तिसरं म्हणजे ओढायचा व्यायाम, जो सगळे विसरतात. एक हात आणि एक गुडघा बाजेवर टेकवून दुसऱ्या हातानं डबा खालून कमरेपर्यंत ओढायचा. चौथं, दोन्ही हातात डबे घेऊन अंगणात ताठ चालणं. कंबर, पोट, मनगटं एकदम कामाला लागतात. हा माझा आवडता, कारण यात चुकायला जागाच नाही.

प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, असं दोन-तीनदा. शेवटच्या दोन-तीन वेळा जड जायलाच पाहिजेत. गप्पा मारत बारा वेळा होत असेल तर तो व्यायाम नाही, टाइमपास आहे, वजन वाढवा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. जोर लावताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही.

एक इशारा. पहिल्याच दिवशी मर्दुमकी दाखवायला कट्टा उचलू नका. उचलताना गुडघ्यात वाकायचं, कट्टा अंगाला चिकटवायचा, पाठ कमानीसारखी होऊ द्यायची नाही, आणि उचललेल्या ओझ्यासह कमरेत पिळायचं नाही. हमाल लोकांकडून शिका, त्यांना हे कोणी न शिकवता येतं.

माझ्याकडे अर्धाच तास आहे.

तीन दिवस वजनं, तीन दिवस भराभर चालणं, एक दिवस काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम कार्डिओ आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. तुमची ९० मिनिटं झाली, उरलेली ६० वावरात आणि बाजारात पायी जाऊन सहज भरतात. गाडी आठवडी बाजाराच्या अलीकडच्या चौकात लावा.

उन्हाळ्यात काय करायचं?

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडचा पारा ४५-४६ ला जातो, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे त्याच्याही वर. त्या दिवसांत पळायचं असेल तर सकाळी साडेसहाच्या आत घरी परत या, नाहीतर पळूच नका. संध्याकाळी सातला डांबर अजून तापलेलंच असतं. मी उन्हाळ्यात कार्डिओ कमी आणि सावलीतली स्ट्रेंथ जास्त करायला सांगतो. गरमीची सवय व्हायला शरीराला आठ ते पंधरा दिवस लागतात, म्हणून मुंबई-पुण्याहून लग्नाला आलेल्या पोरांनी दुसऱ्याच दिवशी पाच किलोमीटर पळू नये.

जाण्याआधी पाणी, आल्यावर मीठ घातलेलं ताक किंवा पन्हं. डोकं गरगरलं, मळमळलं, माणूस असंबद्ध बोलायला लागला तर सावलीत आडवं करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. कांदा फोडून नाकाला लावण्यात वेळ घालवू नका.

आणि खरी अडचण ऊन नाहीच, लग्नसराई आहे. वावर रिकामं, काम शून्य, आणि रोज कुठंतरी पंगत, नाहीतर तेरवी. आमच्या गावात वर्षभराचं वजन याच दोन महिन्यांत वाढतं. पंगतीत नाही म्हणता येत नसेल तर त्या दिवशी दुसरं जेवण हलकं ठेवा, ज्वारीच्या कण्या आणि ताक.

घरात सिकलसेल आहे. व्यायाम चालेल का?

हा प्रश्न शहरातला ट्रेनर कधी विचारत नाही, विदर्भात तो पहिल्याच दिवशी विचारला पाहिजे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर आणि आपल्याकडच्याही पुष्कळ घरांत सिकलसेल, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, आहे. देशपातळीवरचं निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं, प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते. रिपोर्ट नसेल तर करून घ्या.

नुसता वाहक, म्हणजे रिपोर्टवर एएस, असेल तर व्यायामाला बंदी नाही. पण तहानलेल्या अंगानं, उन्हात, न थांबता जीव तोडून पळणं त्यांच्यासाठी धोक्याचं आहे, त्यात स्नायू फुटून किडनीवर आणि जिवावर बेतू शकतं. हळूहळू वाढवत न्यायचं, मध्ये मध्ये थांबायचं, पाणी प्यायचं, आणि कोणी शर्यत लावली तर सरळ नाही म्हणायचं. प्रत्यक्ष आजार, म्हणजे रिपोर्टवर एसएस, असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवातच करायची नाही. थंडी, दमछाक, पाणी कमी पडणं, यांपैकी कशानंही दुखण्याचा झटका येऊ शकतो.

शुगर, बीपी, गुडघे. यांचं काय?

शुगरवाल्यांना दोन्ही व्यायाम फायद्याचे, कारण काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी सुरू करू नका, खिशात गूळ किंवा साखरेची पुडी ठेवा. बीपी वाढलेलं असेल तर आधी ते आटोक्यात आणा आणि वजन उचलताना श्वास अजिबात कोंडू नका. छातीत दुखत असेल, चालताना दम लागून थांबावं लागत असेल तर माझ्याकडे नको, डॉक्टरकडे.

गुडघ्यांचं लोकांना पटत नाही. दुखतात म्हणून काकाजी बसून राहतात, बसल्यानं मांडी वाळते, मांडी वाळली की सगळा भार गुडघ्यावर येतो. उंच खुर्चीवरून उठबस हाच त्यावरचा व्यायाम. सुजलेला, लाल, गरम गुडघा असेल तर मात्र थांबा.

प्रोटीनचा डबा घ्यावा लागेल का?

सोयाबीन पिकवणाऱ्यानं हा प्रश्न विचारला की मला हसू येतं. आपण पोत्यानं सोयाबीन विकतो आणि हजारो रुपयांचा डबा आणतो. सोयाबीनच्या ५० ग्रॅम कोरड्या वड्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रोटीन असतं. शंभर ग्रॅम फुटाण्यांत २० च्या आसपास, एका अंड्यात ६. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात. वजन कमी करताना व्यायाम करणाऱ्यानं शरीराच्या दर किलोमागं १.२ ते १.६ ग्रॅम धरावं. ६५ किलोच्या माणसाला साधारण ८० ते १००. किडनीचा आजार असेल तर हे आकडे डॉक्टर ठरवतील.

भाकरीवर राग काढू नका. ज्वारीची भाकरी चांगलीच आहे. तीनाच्या दोन करा आणि झुणक्याला, वरणाला जागा द्या. रश्शावरची तर्री बाजूला काढायला शिकलात तर अर्धं काम झालं. एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी असतात, आणि पोह्यावरची तर्री म्हणजे नुसतं तेलच.

पोलीस भरती करतोय. वजनं उचलली तर पळणं मंदावेल का?

तुझी मैदानी चाचणीच दोन्ही मागते, भाऊ. पोरांना १६०० मीटर, १०० मीटर आणि ७.२६ किलोचा गोळा. पोरींना ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. नुसतं पळून गोळा जात नाही, आणि मांडीत जोर नसेल तर १०० मीटरमध्येही मागंच राहशील. आठवड्यात दोन दिवस वजनं, तीही ज्या दिवशी जोरात पळायचं त्याच्या आदल्या दिवशी नाही. पहाटे चारला अंधारात रोडवर पळत असशील तर पांढरा सदरा घाल आणि समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं पळ. कानात काही घालू नकोस.

फक्त पोट कमी करायचंय.

पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जात नाही. ती सगळ्या अंगाची थोडी थोडी जाते, कुठून आधी जाईल ते शरीर ठरवतं.

दोन महिने झाले, काटा हलत नाही.

करदोडा पाहा. सैल झाला असेल तर चरबी जातेय आणि स्नायू येतोय. बायकांनी दोरा घेऊन बेंबीच्या पातळीवर गाठ मारून ठेवावी, पंधरा दिवसांनी पुन्हा लावून पाहावा. आपल्या लोकांत पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या वर गेली की सावध व्हायचं. साडेपाच फूट उंचीला साधारण ६५ किलोपर्यंत ठीक, ७० च्या वर लठ्ठपणात मोडतं. गोऱ्या लोकांच्या तक्त्यात ६५ ते ७० मधली माणसं नॉर्मल दिसतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं की भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी आतून चरबीचा असू शकतो. हातपाय काड्या आणि पोट गोल, असा माणूस प्रत्येक गल्लीत आहे. त्यानं वजन कमी करण्याच्या मागं लागण्याआधी हातापायात स्नायू भरावा.

करदोडाही हलला नसेल तर तीन दिवस खाल्लेलं सगळं लिहून काढा, फाट्यावरचं धरून. उत्तर त्या कागदावर सापडतं.

व्यायामशाळेत येताना काय आणायचं?

एक दुपट्टा, पाण्याची बाटली, आणि पायात चप्पल नको. फी महिन्याला पन्नास रुपये, तीही सोयाबीन विकल्यावर दिली तरी चालते. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, तोंडात धरून बार उचलायचा नाही. त्यानं नाडी आणि बीपी आधीच चढलेलं असतं, आणि जोर लावताना ठसका लागला तर बार छातीवर येतो. पुडी दारातल्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, जाताना परत मिळेल. बरेच जण घ्यायचं विसरतात, त्या आम्ही आठवड्याच्या शेवटी उकिरड्यावर टाकतो.